मंगळाची मुलगी आणि सूर्यमालेचा धडा

माध्यमिक शाळांतून आमच्या मुलांस सूर्यमाला शिकवितात. मध्ये सूर्य, भोवती आठ ग्रह. नावे क्रमाने पाठ करावयाची, परीक्षेत उतरावयाची आणि गुण घेऊन मोकळे व्हावयाचे, असा बहुतेक ठिकाणचा प्रघात. नववीत मंगळाचा चौथा क्रमांक बिनचूक लिहिणारी मुलगी पुढे लग्नाची होते, आणि "मुलीला मंगळ आहे" एवढ्या एका वाक्यावर तिची सोयरीक मोडते. बाप शांतीसाठी कर्ज काढतो, आई नशिबास बोल लावते, आणि जिने धडा पाठ केला ती मुकाट्याने खाली पाहते. मग त्या धड्याने तिला दिले काय?

वास्तविक कष्टकऱ्याच्या पोराला आकाश परके नाही. ठाणे जिल्ह्यातील चेणे गाव घ्या. एका अंगास जंगलाचे डोंगर, दुसऱ्या अंगास वसईची खाडी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. होडी केव्हा लोटावी, मिठागरात पाणी केव्हा घ्यावे, हे त्यावरच ठरत आले. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आली की पाणी अधिक का चढते, हा धडा दारातच आहे. शिक्षकाने तो वर्गात न्यावा.

आकाराचेही तसेच. पुस्तकातल्या चित्रात आठही ग्रह पंगतीला बसल्यासारखे लागून असतात. त्याऐवजी बैलगाडीचे साडेचार फुटी चाक शाळेच्या अंगणात उभे करा, तो सूर्य. त्या मापाने पृथ्वी म्हणजे दीडशे मीटरांवरचे लहानसे करवंद, मंगळ म्हणजे सव्वादोनशे मीटरांवरचा हरभऱ्याचा दाणा, गुरू म्हणजे पाऊण किलोमीटरवरचा नारळ. नेपच्यून गाठावयास घोडबंदर रस्त्याने साडेचार किलोमीटर चालावे लागेल. एकदा चालून आलेले पोर हे जन्मात विसरणार नाही.

आता तो हरभऱ्याचा दाणा पाहा. मंगळ तांबडा दिसतो तो त्याच्या मातीतील लोखंडाच्या गंजामुळे. पावसात राहिलेल्या कोयत्यावर चढतो तसाच तो गंज. भारताचे यान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला, तीही २४ सप्टेंबरच. यानाने मंगळाची छायाचित्रे धाडली. त्यांत कोणाच्या लग्नाचा कागद काही आढळला नाही.

एखादे हुशार पोर विचारील, "गुरुजी, चंद्र खाडी हलवितो, तर मंगळ माणसाला का नाही हलविणार?" हा प्रश्न दडपू नये. चंद्राची ओढ मोजता येते. भरतीचे वेळापत्रक आगाऊ छापता येते, आणि पाटलाच्या व मजुराच्या होडीला ते सारखेच लागू पडते. मंगळ अगदी जवळ आला तरी भरती चढविण्याची त्याची शक्ती चंद्राच्या तीन लाखांश भागाहूनही कमी. शिवाय कुंडलीच्या बारा घरांपैकी पाच घरांत मंगळाचा दोष मानतात. म्हणजे बारा माणसांत सुमारे पाच दोषी! हे त्रैराशिक मुलांनीच फळ्यावर मांडावे.

पत्रिकेची परीक्षाही झाली आहे. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषास चाळीस देऊन कोणती कोणाची ते विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे दिली. सरासरीने शेकडा ४६ बरोबर आली. नुसता छापा-काटा केला असता तरी निम्मी साधली असती.

पंचांगातील तिथी-ग्रहणांचे गणित खरे आहे. ते आमच्या मुलामुलींनी अवश्य शिकावे. भीतीचा व्यापार ही निराळी गोष्ट. आणि केवळ भटजींस दोष देऊनही आता भागणार नाही. आज ही पेढी सर्व जातींचे लोक चालवितात, आणि गिऱ्हाईक आम्हीच आहोत.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितले की, शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरणारे असावेत. त्याचे मर्म हेच. ज्याला चाक, करवंद आणि कोयता ठाऊक आहे, तोच आमच्या मुलांना सूर्यमाला समजावील.

तेव्हा बंधुभगिनींनो, शाळेने गाडीचे चाक मागितले तर आनंदाने द्या. आणि मुलगी घरी येऊन मंगळाविषयी सांगू लागली तर तिला गप्प करू नका. पुढे सोयरीक ठरवावयास बसाल, तेव्हा पत्रिका मागण्याआधी तिचे ते बोलणे आठवा.