वणवा दारात येण्यापूर्वी

फाल्गुन सरत आला की आमच्या कोकणात रात्री डोंगर जळताना दिसतात. लहानपणी मला ती रोषणाई वाटे. गेल्या वर्षी आमची काजूची कलमे तीत गेली, तेव्हापासून वाटत नाही. ‘पेटवले की गवत जोमाने येते’ असे म्हणणारे गावात आजही आहेत. त्यांच्याशी वाद घालून मी थकलो.

घर पेटायला ज्वाळाच दारात यावी लागते असे नाही. वाऱ्याने उडालेली ठिणगी कौलांवरच्या पातेऱ्यात किंवा भिंतीलगतच्या गवताच्या उडवीत पडली तरी पुरे. कॅलिफोर्नियात वणव्याच्या मुलखात घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे पूर्वी बेणणी आपसूक होई. आता मुले मुंबईला आणि घरी म्हातारी माणसे. कोयता धरणार कोण?

आपण पावसाळ्यात हौसेने रोपे लावतो, आणि त्यांतली कित्येक उन्हाळ्यात वणव्यात जातात. माझे म्हणणे एवढेच की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या हिवाळी शिबिरात आपण वाडीतल्या अशा घरांभोवती गवत कापावे, पातेरा ओढून काढावा, उडव्या भिंतीपासून दूर रचाव्यात. छायाचित्र चांगले येणार नाही, हे कबूल. पण आमच्या शेजारच्या आजींच्या परड्यात गवत आताच कमरेइतके झाले आहे.