अंगठ्याचे मोल

भल्या पहाटे भाकरीचा डबा घेऊन कडोलीची मुले होनग्याला, उद्यमबागेला कामावर निघतात. कोणी फौंड्रीत, कोणी लेथवर, कोणी प्रेसवर. सुगीच्या दिवसांत घरच्या शेतावर राबणारे हातही हेच. त्यामुळे यंत्राखाली अंगठा गेला, तर केवळ पगार बुडत नाही. विळा आणि कुदळही हातून सुटते. जखम दोन महिन्यांत भरते, उणीव मात्र जन्माची सोबत करते.

या उणिवेचे मोल कायद्याने १९२३ पासून ठरवून दिले आहे. त्या साली झालेला कामगार नुकसानभरपाईचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. हक्क मात्र कायम राहिला. कोणता अवयव गेला असता कमाईची शक्ती किती घटली असे मानावे, याचे कोष्टकच कायद्यात आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला व दुसरा शाबूत असला तर ४० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. दरमहा १०,००० रुपये मिळविणाऱ्या चाळीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, तर या हिशेबाने ३,३१,५०६ रुपये होतात.

परंतु कोष्टक अवयव पाहते, माणसाचा धंदा पाहत नाही. १९६८ साली ओरिसातील एका सुताराचा डावा हात अपघातामुळे कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अपंगत्व अंशतःच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ते अमान्य केले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्णच होय, असा तो निर्णय. दुखापत कोणाला झाली, हेही पाहावे लागते, हा त्याचा मथितार्थ.

ज्यांचा ई.एस.आय.चा विमा आहे, त्यांना एकरकमी भरपाईऐवजी वैद्यकीय मंडळाने ठरविलेल्या प्रमाणात आजन्म मासिक रक्कम मिळते. एकाच दुखापतीसाठी दोन्हीकडून लाभ घेता येत नाही.

हक्क असला तरी तो मागावा लागतो. अपघाताची नोंद त्याच दिवशी करवून घ्यावी, दवाखान्याचे कागद व पगाराच्या पावत्या जपाव्यात आणि अर्ज दोन वर्षांच्या आत करावा. ‘थोडे पैसे घे आणि मिटव’ असे सांगून हक्क सोडल्याचे लिहून घेतले, तरी असा करार कायदा मानीत नाही. आपल्या सीमाभागात पुढे आलेला कागद बहुधा कन्नडात वा इंग्रजीत असतो. तो घरातल्या शिकलेल्या लेकीसुनेकडून वाचून घ्यावा, समजून घ्यावा, मगच सही करावी. एक अंगठा यंत्राने नेला. दुसरा न वाचलेल्या कागदावर उमटू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.