फोनवरचा तेलकट ठसा आणि लोटेचं पाणी

नव्या फोनवर वडापाव खाल्लेलं बोट फिरवा. डाग पडतो, पण टी-शर्टला घासला की गायब. तोच फोन दोन वर्षांनी घासून बघा, तेलाचा पट्टा नुसता इकडून तिकडे सरकतो (माझ्या फोनची सध्या हीच अवस्था आहे). काच तीच आहे, तिच्यावरचा नॅनोमीटरमध्ये मोजायचा फ्लोरिनयुक्त थर झिजलाय.

फ्लोरिनच का? विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, शाळा-कॉलेजात पाठ केलेली आठवत असेल. कार्बनची २.५५, फ्लोरिनची ३.९८, सगळ्या मूलद्रव्यांत जास्त. फ्लोरिन इलेक्ट्रॉन इतके आवळून धरतो की शेजारच्या रेणूमुळे ते जागचे फारसे हलत नाहीत. तेलाचे रेणू चिकटतात ते नेमके या हलण्यामुळे. मग तेल थेंब करून बसतं, पसरत नाही. पाण्याचे रेणू तर हायड्रोजन बंधांनी एकमेकांनाच धरून असतात, त्यांना इथे पकडायला काही मिळत नाही.

गोची अशी की याच ओढीमुळे कार्बन-फ्लोरिन बंध प्रचंड मजबूत होतो. ऊन, पाणी, जिवाणू, कुणाकडूनच तो सहज तुटत नाही. म्हणून या ‘पीफास’ कुटुंबाला कायमची रसायनं म्हणतात. त्यातल्या पीएफओएमुळे माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०२३ मध्ये ठरवलं.

त्याच वर्षी युरोपातल्या पाच देशांनी जवळपास सगळ्या पीफासवर बंदीचा प्रस्ताव मांडला. इटलीत विचेन्झाजवळच्या मिटेनी कारखान्याने भूजल नासवलं होतं. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, जून २०२५ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली. आणि यंत्रं? ती लिलावात विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आली.

फोनचा थर लोटेमध्ये बनतो असं मी म्हणत नाहीये. फोनला हात लावायलाही घाबरू नका. पण एका देशात नकोशी झालेली यंत्रं दुसऱ्या देशात चालणार असतील, तर पहिला प्रश्न तिथल्या पाण्याचाच आहे: तपासतं कोण, आणि आकडे लोकांना दिसतात का? अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी ठरवलेली मर्यादा आहे लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. तुमच्या घरच्या टीडीएस मीटरला एवढंसं काही कळतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.