मापात पाप

आमच्या नात्यातली समस्त इंजिनिअर मंडळी सध्या एकाच गोष्टीवर खूष आहेत. कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीतला ९० टक्के कार्बन डायऑक्साइड म्हणे पकडता येतो. म्हणजे कोळसा 'स्वच्छ' झाला! अहो, मंडईत टोमॅटो घेताना तुम्ही पाटीचा वरचा थर बघून भुलत नाही, खाली हात घालून बघता. इथे मात्र वरचा थर बघूनच पाकीट काढलंत?

जरा खाली हात घालू. धूर अमाईनच्या द्रावणातून नेतात, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. मग द्रावण तापवून वायू मोकळा करायचा, दाबायचा आणि जमिनीत पुरायचा. त्यासाठी वाफ आणि वीज कुठून येते? त्याच केंद्रातून! म्हणून बाहेर तेवढीच वीज द्यायची तर साधारण पावपट कोळसा जास्त जाळावा लागतो. एका पोत्याच्या जागी सव्वा पोतं. ते खणायचं, वॅगनमधून आणायचं, खाणीतून सुटणारा मिथेनही सव्वापट. खाणीपासून राखेपर्यंतचा हिशेब मांडला (याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात) की ९० टक्क्यांचे साधारण ७०-८० उरतात. तेही कमी नाही, मान्य.

पण राखेचं काय? आपल्या कोळशात ३०-४० टक्के राखच असते. ती काही अमाईन शोषत नाही, उलट सव्वापट होते. पाणीही जास्त लागतं. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला कोराडी केंद्राचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नदीनाल्यांत गेली. ते बंधारे आता सव्वापट भरायचे का? मंडईखालून २०२४ पासून मेट्रो धावते, छानच आहे. पण राज्याची बरीचशी वीज कोळशाची. दिवे आपले, राख विदर्भाची. म्हणून आपल्याला फक्त चिमणी मोजणं सोयीचं वाटतं.

आणखी एक गंमत. धुरातल्या गंधकाने अमाईन खराब होतं, म्हणून आधी गंधक काढावा लागतो. तो काढायची यंत्रणा बसवण्यातून केंद्र सरकारने २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूट दिली!

एनटीपीसीने विंध्याचलला २०२२ मध्ये दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा संच सुरू केला. केंद्र ४७६० मेगावॉटचं. युनिटमागे साधारण एक किलो धरा. पूर्ण क्षमतेने चालताना एवढा वायू ते पाव मिनिटात सोडतं. प्रयोग आहे, छोटाच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वायूचं करायचं काय, तर मिथेनॉल. मिथेनॉल जाळलं की तोच वायू पुन्हा हवेत. मग पकडला कशाला?

असो. पुढच्या वेळी ते ९० टक्के सांगायला याल तेव्हा राखेचा आणि पाण्याचा आकडाही घेऊन या. चहा माझ्याकडून.