फ्रॉलिक म्हणजे बागडणं



मुलांच्या इंग्रजी पुस्तकात ‘फ्रॉलिक’ हा शब्द येतो आणि आपण वहीत त्यापुढे ‘खेळणे’ असं लिहून देतो. ते अपुरं आहे. खेळात डाव असतो, नियम असतात, कोणीतरी जिंकतं. फ्रॉलिकमध्ये यातलं काहीच नाही. आनंद अंगात मावत नाही म्हणून पळायचं, गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. ‘आनंदी’ अशा अर्थाच्या डच शब्दावरून तो इंग्रजीत आला. कोकरं, पिल्लं, लहान मुलं यांच्यासाठी तो जास्त शोभतो. भूतकाळी रूप लिहिताना ‘सी’नंतर ‘के’ घालायचा, हेही मुलांना सांगून ठेवा.

मराठीत याला नेमका शब्द आहे, बागडणं. फुलपाखरू बागडतं, पाडस बागडतं. शिवाय हुंदडणं आहे, उंडारणं आहे. पण आपण ते कसे वापरतो बघा. चार वर्षांची मुलगी बागडते. तीच दहा वर्षांची झाली की हुंदडते! मुलालाही आपण ‘हुंदडतोय नुसता’ म्हणतो, पण त्यात कौतुक असतं. मुलीला म्हणताना आवाज बदलतो. उड्या त्याच, आनंद तोच. इंग्रजी शब्दाचा अर्थ तिच्याकडून पाठ करून घ्यायचा आणि मराठीतला तिच्या हातून काढून घ्यायचा, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे जयणा सांगितली आहे. चातुर्मासात हिरवळीवर, ओल्या जमिनीवर पाय टाकताना बघायलाच हवं. खरं आहे. पण अइमुत्ता कुमार आठवा. पर्युषणात अंतगड सूत्रात आपण ऐकतो, गौतमस्वामी दिसले तेव्हा तो सवंगड्यांबरोबर खेळत होता. त्यांचं बोट धरून तो त्यांना आईकडे घेऊन गेला. दीक्षेनंतर पावसाचं पाणी दिसताच त्याने आपलं पात्र त्यात सोडलं आणि ‘माझी नाव तरते’ म्हणून हरखला. मोठ्या साधूंना ते रुचलं नाही. तेव्हा भगवान महावीरांनी सांगितलं, की त्याची हेटाळणी करू नका, तो याच भवात मोक्षाला जाणार आहे. ही कथा भगवती सूत्रातली. पाण्यातल्या जीवांचं भान अइमुत्ताला पुढे आलंच, ईरियावहिया करताना, आणि पश्चात्तापही झाला. त्यासाठी कोणी त्याला हिणवावं लागलं नाही.

जयणा शिकवायची ती पाय कुठे ठेवायचा याची. पायच बांधून ठेवायचे नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांमुळे जागा उरत नसेल, तर सुट्टीच्या सकाळी मुलींना गोल्फ क्लबच्या मैदानावर न्या आणि कोरड्या मातीत मोकळं सोडा. संध्याकाळी खाली गेल्या तर चोविहाराआधी घरी या, एवढंच सांगा.

आणि धापा टाकत, लाल चेहऱ्याने लेक दारात आली, की ‘कुठे हुंदडत होतीस?’ऐवजी ‘बागडून आलीस का गं?’ असं विचारून बघा.