दुकान बंद करायचंय? आधी ‘जुमानजी’चा नियम वाचा



या आठवड्याचा व्हिडिओ ‘जुमानजी’ सिनेमांवर आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून जे राहून गेलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. वही-पेन जवळ ठेवा.

धंद्याच्या ट्रेनिंगमध्ये ‘जुमानजी’ बऱ्याचदा वापरतात. मुद्दा ठरलेला: रिस्क घ्या, फासे टाका, घाबरू नका. माझं मत जरा वेगळं आहे. या सिनेमात रिस्क घेण्यापेक्षा मोठी गोष्ट सांगितली आहे, आणि ती आपल्याकडे कुणी शिकवत नाही. सुरू केलेला खेळ अर्धवट सोडता येत नाही. सोडला तरी तो तुम्हाला सोडत नाही.

आधी गोष्ट थोडक्यात

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या अमेरिकन लेखकाचं १९८१ चं चित्रांचं पुस्तक, त्यावर १९९५ मध्ये रॉबिन विल्यम्सचा सिनेमा आला. १९६९ साली ॲलन नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची मैत्रीण सारा एक जुना पट खेळायला बसतात. फासे पडले की पटावर मजकूर उमटतो आणि तो खरा होतो. ॲलन पटाच्या आत खेचला जातो. सारा घाबरून पळून जाते. पुढची २६ वर्षं तो आत जंगलात.

१९९५ मध्ये त्याच घरात जुडी आणि पीटर ही बहीण-भावंडं राहायला येतात, पट उघडतात आणि ॲलन बाहेर येतो. पण खेळ पुढे सरकतच नाही! कारण १९६९ चाच डाव अजून चालू आहे आणि पुढची पाळी साराची आहे. ती मोठी झाली आहे, तिला हे सगळं विसरायचं आहे, फाशांना हात लावायचा नाही. तरी तिला शोधून आणून बसवल्याशिवाय कुणाचंच प्यादं हलत नाही.

पटावर सूचना आधीच दिलेली असते की शेवटपर्यंत खेळायची तयारी असेल तरच सुरुवात करा. सगळे घाईत असतात, ती मनावर कोण घेतो?

आपल्याकडेही असा पट होता, मोक्षपट. संत ज्ञानेश्वरांनी तो तयार केला असं परंपरा सांगते. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो, शेवटचं घर मोक्षाचं. पुढे हा भारतीय खेळ इंग्लंडला गेला आणि सापशिडी होऊन आपल्याच दुकानांत परत आला. त्यातही सापाने गिळलं म्हणून कुणी पटाबाहेर जात नाही. खाली येतो, तिथून परत चालतो. खाली येणं हा खेळाचा भाग आहे. पट तसाच मांडून उठून जाणं, ही वेगळी गोष्ट.

आता आपल्या जिल्ह्यात या

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठेही बघा. सोयाबीनचा पैसा हातात आला की दसरा-दिवाळीला नवीन दुकानांची उद्घाटनं होतात. मोबाइल शॉपी, कॅफे, रेडिमेड कपडे. लग्नसराईपर्यंत गाडी बरी चालते. मग जून येतो, कास्तकाराचा सगळा पैसा बी-खतात जातो, गिऱ्हाईक आटतं. भाडं थकतं. एक दिवस शटर खाली येतं आणि पोरगं पुण्याला चाकणच्या कंपनीत लागतं. विचारलं तर म्हणतं, “ताई, धंदा बंद केला.”

नाही रे भाऊ. शटर बंद केलंस. धंदा चालूच आहे.

बघू कसा.

१. जीएसटी नंबर. कर्जासाठी किंवा ऑनलाइन विक्रीसाठी नंबर काढलेला असतो. दुकान बंद, विक्री शून्य, म्हणून रिटर्नही बंद. पण नंबर जिवंत असेपर्यंत शून्याचंही रिटर्न भरावं लागतं. नाही भरलं तर जीएसटीआर-३बी ला दिवसाला २० रुपये लेट फी, एका शून्य रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये. महिन्याचं रिटर्न असेल तर वर्षाचे ६,००० रुपये, तेही एकाच फॉर्मचे. एक रुपयाची विक्री नसताना! नंबर रद्द करायला रीतसर अर्ज करावा लागतो, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरावं लागतं. बरेच जण अर्ज करतात आणि हे शेवटचं विसरतात.

२. कर्ज. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, म्हणून ते भरलं नाही तरी चालतं, असा एक समज गावोगावी आहे. तारण नसलं तरी कर्ज तुमच्या नावावरच आहे. सिबिलमध्ये ते दिसत राहतं आणि पाच वर्षांनी घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी बँकेत गेलात की समोर येतं. तडजोड करून कमी रकमेत मिटवलं तर रेकॉर्डवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, पूर्ण फेडल्यावर ‘क्लोज्ड’. या दोन शब्दांत फार फरक आहे.

पीएमईजीपीचं वेगळंच. सबसिडी मिळाली म्हणून लोक पेढे वाटतात. पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवलेली असते, युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळती होते. दुसऱ्या वर्षी कुलूप लावून निघून गेलात तर तिच्यावर पाणी सोडायची तयारी ठेवा.

३. जामीनदार. इथे माझा जीव तुटतो. काकांनी किंवा मामांनी विश्वासाने सही केलेली असते. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुम्ही चाकणला, नोटीस मामाच्या दारात. सिनेमातही असंच आहे. पट ॲलन आणि साराने मांडला, पण वानरं आणि गेंडे सगळ्या गावात धुमाकूळ घालतात. त्या गावाने कुठे फासे टाकले होते?

४. पार्टनर. दोन मित्र दुकान टाकतात, एकाचं मन उठतं, तो म्हणतो, “मी निघालो, तू बघ.” पण भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे निवृत्त होणाऱ्याने जाहीर सूचना दिली नाही, तर त्यानंतरच्या व्यवहारांतही त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. जाहीर सूचना म्हणजे राजपत्रात आणि जिल्ह्यात चालणाऱ्या स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात, शिवाय फर्म नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रारकडेही. व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्यात धरत नाहीत. आणि मागे राहिलेला? बँक खात्याला दोघांच्या सह्या लागतात, दुसरा फोन उचलत नाही. साराची पाळी आहे आणि सारा पळून गेली आहे.

“पण ताई, हार मानायची नाही ना?”

हा प्रश्न मला हमखास येतो. मोटिव्हेशनल व्हिडिओंनी डोक्यात भरवलं आहे की बंद करणं म्हणजे हरणं. त्याचा परिणाम उलटा होतो. पोरं शरमेपोटी चोरून पळतात. बँकेत जात नाहीत, सीएकडे जात नाहीत, सप्लायरचा फोन उचलत नाहीत. उघडपणे बंद करणाऱ्याला नावं ठेवणारा समाजही यात तितकाच जबाबदार आहे. उद्घाटनाला दोनशे माणसं येतात, बंद करताना सोबत एकही नसतो.

माझं स्पष्ट मत आहे की न चालणारा धंदा वेळेत, नीट बंद करणं हेसुद्धा धंद्याचंच काम आहे. ज्याने सगळ्यांचे पैसे चुकते करून दुकान बंद केलं त्याला दोन वर्षांनी तोच होलसेलर परत उधारीवर माल देतो. जो रात्रीतून गेला त्याला रोखीनेही बोलायला तयार नसतो. गाव छोटं आहे, मंडळी.

२०१७ च्या ‘वेलकम टू द जंगल’ मध्ये पटाचा व्हिडिओ गेम होतो. चार पोरं आत जातात, प्रत्येकाला तीनच जीव. त्यांना तिथे ॲलेक्स भेटतो. दोन जीव गेल्यावर तो भीतीने एका जागी थांबून राहिलेला. त्याला वाटतं काही महिने झाले, बाहेर वीस वर्षं उलटलेली! बंद पडत चाललेल्या दुकानात नुसतं बसून राहणाऱ्यांना मी हाच ॲलेक्स दाखवते. पुढे जात नाही, बाहेरही पडत नाही, दर महिन्याला भाडं मात्र जातं.

त्या सिनेमाच्या शेवटी पोरं गेम फोडून टाकतात. २०१९ च्या ‘द नेक्स्ट लेव्हल’ मध्ये कळतं की एकाने तुकडे गुपचूप जपून ठेवले होते. झालं, परत सगळे आत. म्हणून सांगते, जुनं करंट अकाउंट, जुनं चेकबुक, जुना क्यूआर कोड “राहू दे, कधी लागेल” म्हणून ठेवू नका.

काय करायचं?

दुकान चालत असलं तरी आजच वहीत एक पान करा. वर लिहा, ‘उद्या बंद करायचं ठरलं तर’. खाली हे सहा प्रश्न:

– कुणाचं किती देणं आहे, कुणाकडून किती येणं आहे?
– माल कुठे, किती दिवसांत, किती तोट्यात निघेल?
– जीएसटी, शॉप ॲक्ट, उद्यम यातल्या कोणत्या नोंदी माझ्या नावावर आहेत?
– कर्ज किती बाकी, जामीनदार कोण, नो ड्यूज कुठून मिळेल?
– भाडेकरारात किती महिन्यांची नोटीस आहे, डिपॉझिट किती?
– पार्टनर असेल तर कोण बाहेर पडणार आणि ते कागदावर कसं येणार?

नवीन सुरू करणाऱ्यांनी हे पान उद्घाटनाच्या आधी भरा. कायद्याच्या आणि कराच्या बाबतीत तुमच्या सीए किंवा वकिलाला एकदा विचारा, त्यांची फी लेट फीपेक्षा स्वस्त पडते.

‘जुमानजी’त शेवटच्या घरात पोचल्यावर खेळाचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. तेव्हाच सगळं आत ओढलं जातं आणि गाव मोकळं होतं. मनात म्हणून चालत नाही. दुकान बंद करतानाही तसंच करा. बँकेला, सप्लायरला, घरमालकाला, घरच्यांना तोंडाने सांगा आणि कागदाने कळवा.

पान भरताना कुठे अडलात तर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत उत्तर देते. आणि तुमच्या ओळखीत कुणी नुसतं शटर ओढून गावाबाहेर गेलं असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा.