कामाचे तास आणि त्यांचा मोबदला

दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, ही कारखान्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात घातली. हा करार झाला त्या वॉशिंग्टनच्या परिषदेत हिंदुस्थानातील कामगारांच्या बाजूने नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. मात्र करारात हिंदुस्थानसाठी वेगळे कलम घालण्यात आले आणि इथल्या कामगाराचा आठवडा साठ तासांचा ठरला. काम तेच, पण देश बदलला की माणसाच्या विश्रांतीची किंमत बदलते, ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना त्याआधी आठवड्याच्या सुट्टीसाठीही झगडावे लागले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्जांवर सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली.

आजचे कायदे शेजारी शेजारी ठेवले तर पहिल्या नजरेत फसगत होते. भारताच्या कायद्यात कारखाना कामगाराला ओव्हरटाइमला दुप्पट वेतन आहे, तर अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात चाळीस तासांनंतर दीडपट. पण कायद्याचा हात पोचतो कुठवर, हे पाहावे लागते. अमेरिकेत ठरावीक पगाराच्या वरचे बरेच व्यावसायिक, त्यात संगणक अभियंतेही, ओव्हरटाइमच्या तरतुदीबाहेर आहेत. खासगी नोकरीत एक दिवसही पगारी रजा देण्याची सक्ती केंद्रीय कायदा करत नाही. रजा मिळते ती बहुतेकदा कंपनीच्या धोरणानुसार. त्यात एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यास दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. घरभाडे, मुलांची शाळा, सगळे त्या साठ दिवसांवर टांगलेले असताना शनिवारच्या कामाला नाही म्हणणे सोपे नसते.

जपानचा अनुभव सर्वांत बोलका आहे. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला तिथे ‘करोशी’ म्हणतात, आणि तो सरकारी नुकसानभरपाईचा विषय आहे. झटका येण्याआधीच्या महिन्यात शंभर तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी ऐंशी तास जादा काम झालेले असेल, तर मृत्यूचा कामाशी घट्ट संबंध धरला जातो. २०१९ पासून जादा कामावर महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आली. खास परिस्थितीत मात्र वर्षाला ७२० तास आणि एखाद्या महिन्यात शंभरच्या आत, इथवर मुभा आहे. म्हणजे सवलतीची कमाल हद्द जाऊन भिडते ती नेमकी मृत्यूच्या निकषालाच. हे समाधानकारक म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, पस्तीस ते चाळीस तासवाल्यांच्या मानाने, सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती बंधनकारक आहे. जर्मनीत रजेवर असताना कुणी आजारी पडले आणि डॉक्टरांचा दाखला दिला, तर आजारपणाचे दिवस रजेतून वजा होत नाहीत. रजा विश्रांतीसाठी आहे, हे तिथे अक्षरशः पाळले जाते. रोजचे कामाचे तास नोंदवण्याची यंत्रणा मालकानेच ठेवावी, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. सगळ्या तरतुदींत ही सर्वांत मोलाची, कारण नोंदच नसेल तर हक्क मागायचा कशाच्या जोरावर?

बोनसचा इतिहासही मुंबईतच घडला. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरघोस नफा झाला आणि कामगारांना बोनस मिळू लागला. पुढे तो बंद होताच १९२४ मध्ये मोठा संप झाला. त्यावर नेमलेल्या समितीने बोनसवर कामगारांचा हक्क नसल्याचे ठरवले. तो हक्क कायद्याने मिळायला १९६५ साल उजाडले. दिवाळीच्या तोंडावर हाती पडणाऱ्या त्या रकमेचा किमान दर पुढे ८.३३ टक्के झाला. पण त्यालाही वेतनमर्यादा आहे. तिच्या वरच्या नोकरदाराचा ‘व्हेरिएबल पे’ साहेबांनी दिलेल्या मूल्यांकनावर अवलंबून राहतो. नेदरलँड्समध्ये याउलट वार्षिक वेतनाच्या किमान आठ टक्के सुट्टीभत्ता कायद्यानेच मिळतो, बहुधा मे महिन्यात.

या फरकांचा जाच आता एकाच प्रकल्पात, एकाच कॉलवर दिसतो. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. पुण्यातला सहकारी साडेअकराला कॉल संपवून सकाळी साडेनऊला पुन्हा कामाला बसला, तर मध्ये दहाच तास उरतात. युरोपातल्या किमान विश्रांतीपेक्षाही ते कमी आहेत, आणि त्यात जेवण, झोप, प्रवास, घरची माणसे सगळे आले. कॉलची वेळ बहुतेकदा परदेशातला वरिष्ठ ठरवतो, आणि अलीकडे तो वरिष्ठ अनेकदा मराठीच असतो. एका आठवड्यात पुण्याने रात्री जागायचे, दुसऱ्या आठवड्यात कॅलिफोर्नियाने पहाटे उठायचे, एवढी वाटणी करायला कुठल्याच देशाचा कायदा आड येत नाही.